अस्वल दाखवणारा वाटाड्या

लातूर-नांदेडकडच्या साठी उलटलेल्या माणसाला विचारा, "बाबा, अस्वल पाहिलंय का?" तो म्हणेल, "पाहिलंय की! लहानपणी दरवेशी घेऊन यायचा."

डमरू वाजायचा. पोरं गोळा व्हायची. काळं, झिपरं अस्वल दोन पायांवर उभं राहायचं आणि नाचायचं. मुलाची भीती जावी म्हणून आया मुलाला त्याच्या पाठीवर बसवायच्या. ताईतात घालायला त्याचा केस मागून घ्यायच्या. दरवेशाच्या झोळीत पसाभर जोंधळे पडायचे. मग दरवेशी पुढच्या गावाला जायचा.

खरं सांगायचं तर ते अस्वल नाचत नव्हतं. पिल्लू असतानाच त्याला आईपासून तोडून आणलेलं असे. त्यासाठी पुष्कळदा आईला मारून टाकत. तापलेल्या सुईने त्याचं नाक टोचत आणि त्यातून दोर ओवत. त्याचे दात पाडत. दोर ओढला की नाक दुखायचं. नाक दुखलं की ते पाय उचलायचं. त्यालाच आपण नाच म्हणत होतो.

१९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९८ साली केंद्र सरकारने अस्वलांचे खेळ करण्यावर बंदी घातली. पण दरवेशीही गरीब माणूस. नुसत्या बंदीने त्याचं पोट कसं भरणार? म्हणून काही संस्थांनी त्याला दुसरा धंदा काढून दिला. त्याच्या मुलांना शाळेत घातलं. त्याची अस्वलं आग्र्यासारख्या ठिकाणी खास आवारात नेऊन सांभाळली. २००९ सालच्या सुमाराला हा खेळ देशातून जवळजवळ संपला.

मग आता अस्वल पाहायचं तर काय करायचं? आता अस्वल आपल्या दारी येणार नाही. आपणच त्याच्या दारी जायचं. आणि तिथे न्यायला जाणता माणूस हवा. त्याला वाटाड्या म्हणतात. शहरचे लोक गाईड म्हणतात.

या पाठात आपण त्या वाटाड्याची विद्या समजून घेऊ. ती पाहुण्यांच्या हौसेपुरती नाही. सरपणाला, मोहफुलांना, तेंदूपानांना रानात जाणाऱ्या प्रत्येक माणसाचा जीव तिने वाचू शकतो.

अस्वल राहते कुठे?

लातूर जिल्ह्यात जंगल नावापुरतंच आहे. तिथे रानातलं अस्वल पाहायला मिळणं कठीण. नांदेड जिल्ह्याची गोष्ट वेगळी आहे. किनवट आणि माहूर तालुक्यांत डोंगर आहेत, सागाचं रान आहे. गोंड, कोलाम, आंध, बंजारा लोकांची गावं आणि तांडे या रानाला लागून आहेत. पैनगंगा नदी इथून वाहते. पलीकडे यवतमाळ जिल्हा. नदीच्या अंगाने पैनगंगा अभयारण्य आहे. या भागात अस्वलाचा वावर आहे.

पुढे पांढरकवड्याजवळ टिपेश्वर अभयारण्य लागतं. चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा आहे. ते महाराष्ट्रातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५५ सालचं. अमरावती जिल्ह्यात मेळघाट आहे. या सगळ्या रानांत अस्वलं आहेत.

जगात अस्वलाच्या आठ जाती आहेत. त्यांतल्या चार भारतात सापडतात. आपलं अस्वल भारत, नेपाळ आणि श्रीलंका या देशांतच आढळतं. रामायणातला जांबुवंत आपल्याला माहीत आहे. म्हणजे ही ओळख आजची नाही.

वाटाड्या कोण असतो?

वाटाड्या म्हणजे कुणी परगावचा पंडित नव्हे. तो बहुधा जंगलाला लागून असलेल्या गावातलाच असतो. लहानपणी त्याने रानात गुरं चारलेली असतात. बापाबरोबर मोहफुलं वेचलेली असतात. कोणत्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी राहतं, कोणत्या कपारीत ओल असते, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

वन खातं अशा तरुणांना निवडून शिकवतं. त्यांना ओळखपत्र देतं. ताडोब्यासारख्या ठिकाणी वाटाड्या बरोबर घेतल्याशिवाय पाहुण्याला आत सोडत नाहीत. प्रत्येक वाटाड्याची पाळी ठरलेली असते आणि फेरीचे पैसेही ठरलेले असतात. ताडोब्यात बायाही हे काम करतात. कालपर्यंत ज्या बाईने डोक्यावर सरपणाची मोळी वाहिली, तीच आज गाडीत पुढे बसून पाहुण्यांना जंगल वाचून दाखवते.

'वाचून' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. तुम्ही आता अक्षरं वाचता. वाटाड्या जमीन वाचतो. अक्षर ओळखायला जशी सवय लागते, तशी मागाची ओळख व्हायलाही सवयच लागते.

मारुती चितमपल्ली यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९३२ साली सोलापुरात जन्मलेला हा माणूस वन खात्यात अधिकारी झाला. जंगलावर त्यांनी मराठीत पुष्कळ पुस्तकं लिहिली. २०२५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी ते वारले. रानात राहणाऱ्या माणसांकडून आपण किती शिकलो, हे ते मोकळेपणाने सांगत. तेव्हा आपल्या ओळखीतलं ज्ञान हलकं समजू नये.

जमीन कशी वाचतात?

पहिली खूण वारुळाची. अस्वलाला वाळवी फार आवडते. त्याची पुढची नखं लांब आणि आकडीसारखी वाकडी असतात. त्या नखांनी ते टणक वारूळ फोडतं. मग तोंड भोकाला लावून माती फुंकून टाकतं आणि वाळवी ओढून घेतं. त्याची रचनाच तशी आहे. वरच्या जबड्यातले पुढचे दोन दात त्याला नसतात. त्या फटीतून वाळवी ओढता येते. माती नाकात जाऊ नये म्हणून नाकपुड्याही मिटता येतात. त्याच्या ओढण्याचा 'घर्रर' असा आवाज शंभर मीटरहून लांब ऐकू येतो. वाटाड्याने हा आवाज ऐकला की तो गाडी थांबवतो.

फोडलेलं वारूळ दिसलं, तर वाटाड्या आतली माती पाहतो. माती ओली आणि वाळवी अजून पळतेय, म्हणजे अस्वल नुकतंच गेलं. माती वाळली, वर कोळ्याने जाळं विणलं, म्हणजे गोष्ट जुनी.

दुसरी खूण पावलाची. अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा माणसाच्या अनवाणी पावलासारखा दिसतो. नवखा माणूस फसतो. पण बोटं जवळजवळ एका ओळीत असतात आणि पुढच्या पायाच्या बोटांपुढे नखांचे लांब ओरखडे असतात. वाघ चालताना नखं आत घेतो, म्हणून त्याच्या ठशात नखं नसतात. अस्वलाला नखं आत घेता येत नाहीत.

तिसरी खूण विष्ठेची. तिच्यात बोराच्या, जांभळाच्या, टेंभुर्णीच्या बिया सापडतात. त्यावरून वाटाड्याला कळतं की ते कुठे चरून आलं आणि उद्या पुन्हा कुठे जाईल. आणखी एक गोष्ट यातून कळते. अस्वल फळं खातं आणि बिया दूरवर टाकतं. म्हणजे न सांगता ते रान पेरत जातं.

चौथी खूण झाडाची. मोहोळ असलेल्या झाडाच्या खोडावर नखांच्या खोल रेघा दिसतात. अस्वल झाडावर चढतं. मध खायला ते डंखांचीही पर्वा करत नाही.

या लांब नखांमुळे एकदा मोठ्या पंडिताचीही फसगत झाली. दक्षिण अमेरिकेत झाडाला उलटा लटकणारा, 'स्लॉथ' नावाचा एक आळशी प्राणी आहे. १७९१ साली इंग्लंडातल्या जॉर्ज शॉ यांनी आपल्या अस्वलाची नखं आणि नसलेले दात पाहून त्यालाही त्याच वर्गात घातलं. पुढे चूक उमगली, पण इंग्रजीत त्याचं नाव आजही 'स्लॉथ बेअर' असंच आहे. किनवटच्या कुणा गुराख्याला विचारलं असतं, तर त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की हे अस्वल आहे आणि आळशी तर मुळीच नाही!

अस्वलाचे वर्ष

आपलं शेतीचं वर्ष असतं. नांगरट, पेरणी, खुरपणी, सुगी. तसं अस्वलाचंही वर्ष असतं. ते वाटाड्याला पाठ असतं.

हिवाळ्यात बोरं पिकतात. तेव्हा बोरींची झुडपं पाहायची. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं पडतात. पहाटे झाडाखाली फुलांचा सडा असतो. तो वेचायला माणूस येतो आणि खायला अस्वलही येतं. बहाव्याच्या शेंगा, टेंभुर्णीची फळं, उंबरं, मग जांभळं. वैशाखात ओढे आटतात. उरलेल्या पाणवठ्यावर अस्वल संध्याकाळनंतर येतं. पाऊस पडला की जमीन मऊ होते, वाळवी वर येते आणि त्याचं खाणं सोपं होतं.

थंड मुलखातली अस्वलं सगळा हिवाळा झोपून काढतात. आपलं अस्वल तसं झोपत नाही. ते बारमाही हिंडतं. फक्त पिल्लांची आई काही आठवडे गुहेत किंवा कपारीत दडून राहते. पिल्लं बहुधा मार्गशीर्ष-पौषाच्या सुमारास होतात. एक किंवा दोन, क्वचित तीन. थोडी मोठी झाली की आई त्यांना पाठीवर घेऊन हिंडते. पाठीवरचे लांब केस धरून ती घट्ट बसतात. दोन वर्षांची होईपर्यंत ती आईबरोबरच असतात.

नर चांगला असला तर ८० पासून १४५ किलोपर्यंत भरतो. मादी ५५ पासून ९५ किलोपर्यंत. छातीवर पांढुरकी खूण असते. नाक फार तीक्ष्ण. डोळे मात्र अधू. दूरचं नीट दिसत नाही. हे दोन शब्द, 'नाक तीक्ष्ण, डोळे अधू', नीट ध्यानात ठेवा. वाटाड्याची अर्धी विद्या त्यांतच आहे.

दाखवण्याची रीत

चांगला वाटाड्या निघण्याआधी चिमूटभर धूळ वर उडवतो. धूळ ज्या दिशेला जाते, तिकडे वारा जातो आणि माणसाचा वासही तिकडेच जातो. अस्वलाकडून आपल्याकडे वारा येईल अशा बाजूला तो गाडी उभी करतो. मग इंजिन बंद. बोलणं बंद.

एखादा पाहुणा उतावीळ असतो. तो म्हणतो, "दादा, गाडी जरा पुढं घ्या ना. फोटो चांगला येईल."

वाटाड्या हलक्या आवाजात म्हणतो, "नाही साहेब. ते खातंय, खाऊ द्या. त्यानं मान वर केली की आपण लई जवळ आलो म्हणून समजा."

या उत्तरात सगळं आलं. अस्वलाने खाणं थांबवलं, मान वर करून नाकाने हवा हुंगली, दोन पायांवर उभं राहिलं, तर त्याला आपली शंका आली आहे. फुसफुसू लागलं, गुरगुरलं, तर त्याला आपला राग आला आहे. चांगला वाटाड्या पहिल्या खुणेलाच मागे सरतो. दुसरीची वाट पाहत नाही.

पिल्लं पाठीवर असली तर तो आणखी लांब थांबतो. आई आणि पिल्लू यांच्या मध्ये तो कधीही गाडी घालत नाही. अस्वलाची वाट अडवत नाही. त्याला खायला टाकत नाही, कुणाला टाकू देत नाही. खाणाऱ्याला माणसाच्या हातची चटक लागली की ते गावात येतं. मग गावही बिघडतं आणि अस्वलही मरतं.

बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातल्या काही जंगलांत पाणवठ्यांजवळच्या मचाणांवर लोकांना बसू देतात. बरोबर जाणता माणूस असतो. रात्रभर चांदण्यात कोण पाण्याला आलं याची नोंद करायची. त्यात अस्वलाचीही नोंद होते. तिथेही नियम तोच. खाली उतरायचं नाही, विडी ओढायची नाही, बोलायचं नाही.

दरवेशी आणि वाटाड्या यांत हाच फरक आहे. दोघंही अस्वल दाखवतात. दरवेशी अस्वलाला दोर लावून माणसाजवळ आणत होता. वाटाड्या न दिसणारा दोर माणसाला लावतो आणि त्याला अस्वलापासून लांब धरतो.

दुसऱ्यांनी काय केले?

आपल्या दक्षिणेला कर्नाटकात बल्लारी जिल्हा आहे. तिथे हंपीजवळ दरोजी नावाचं गाव आहे. १९९४ साली तिथे खास अस्वलांसाठी अभयारण्य केलं. मोठमोठ्या धोंड्यांचे डोंगर आणि त्यांच्या कपारींत अस्वलं. लोक समोरच्या बुरुजावरून पाहतात. दुपारनंतर अस्वलं खडकांवर उतरताना दिसतात. अस्वलांनी यावं म्हणून खडकांवर गूळ किंवा मध लावण्याची पद्धत तिथे पडली. त्यामुळे लोकांना अस्वल हमखास दिसू लागलं. पण गुळाची सवय लावावी की नाही, याबद्दल जाणत्यांत दोन मतं आहेत. आमचं मत असं की जे दिसायचं ते आपसूक दिसावं. मात्र तिथली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. माणूस बुरुजावर आणि अस्वल खडकावर, मध्ये भरपूर अंतर.

आता फार दूरची एक गोष्ट. अमेरिकेच्या अलास्का प्रांतात मॅकनील नावाची नदी आहे. उन्हाळ्यात सॅमन जातीचे मासे समुद्रातून नदीत चढतात. ते धरायला मोठी तपकिरी अस्वलं धबधब्यावर जमतात. कधी कधी एका वेळी सत्तराहून जास्त! १९६७ साली तिथे सरकारने अभयारण्य केलं. आधी माणसं मनाला येईल तशी हिंडत. अस्वलं बुजत आणि माणसालाही धोका होई. म्हणून १९७३ पासून परवाने सुरू झाले. धबधब्यावर दिवसाला दहाच माणसं. चिठ्ठ्या काढून नावं ठरवतात. बरोबर सरकारी वाटाड्या.

लॅरी ऑमिलर नावाच्या वाटाड्याने तिथे जवळजवळ तीस वर्षं काम केलं. त्याचं सूत्र साधं होतं. रोज तीच वाट, तीच बसायची जागा, तेच वागणं. खाण्याचा कण बाहेर पडू द्यायचा नाही. अस्वलाला माणसाचा अंदाज आला पाहिजे. अंदाज आला की भीती जाते, आणि भीती गेली की ते अंगावर येत नाही. परवाने सुरू झाल्यापासून तिथे अस्वलाने एकाही पाहुण्याला जखमी केलं नाही. वाटाड्यांकडे बंदूक असते, पण भरवसा ते शिस्तीवर ठेवतात.

पण इथे सावध राहा. आपलं अस्वल त्या अस्वलासारखं नाही. आपल्याकडे अस्वल वाघाच्या रानात राहतं. वाघ आला तर पिल्लं पाठीवर घेऊन पळून सुटका होत नाही. म्हणून 'आधी अंगावर जा' हाच त्याचा स्वभाव बनला. आपल्या अस्वलाशी सलगी होत नाही. आपण अलास्क्याची शिस्त घ्यावी, जवळीक घेऊ नये.

ही विद्या आपल्या कामी कशी येते?

अस्वल माणसाला खाण्यासाठी मारत नाही. मग ते हल्ला का करतं? बहुतेक वेळा ते दचकतं म्हणून. त्याला लांबचं दिसत नाही. तोंड वारुळात असतं. वारा उलटा असतो. माणूस मुकाट्याने झुडपातून पुढे येतो आणि एकदम दहा पावलांवर दोघांची गाठ पडते. अस्वलाला वाटतं, शत्रू आला. ते डोक्यावर, तोंडावर झेप घेतं. जीव वाचला तरी डोळा जातो, चेहरा फाटतो. घरातला कमावता माणूस आडवा पडतो. मग गाव चिडतं आणि दिसेल त्या अस्वलामागे लागतं. अशाने दोन्हीकडचं नुकसान होतं. शिवाय अस्वल मारणं हा मोठा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपासून सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

गाडीत बसलेला वाटाड्या आवाज बंद करतो, हे आपण पाहिलं. पण तोच वाटाड्या पायी रानात जातो तेव्हा उलट वागतो. तो खाकरतो, काठी आपटतो, मोठ्याने बोलतो. लांबून पाहायचं असेल तेव्हा चाहूल लपवायची. त्याच्या रानातून पायी जायचं असेल तेव्हा चाहूल द्यायची. अस्वलाला आपण येतोय हे आधी कळलं, तर बहुतेक वेळा तेच बाजूला होतं.

मोहफुलांच्या दिवसांत ही गोष्ट फार मोलाची आहे. फुलं लवकर वेचावी म्हणून आपण अंधारातच निघतो. दुसऱ्याने नेण्याआधी आपण न्यावीत, ही घाई. पण तीच वेळ अस्वलाच्या खाण्याची. म्हणून पुढच्या गोष्टी पाळाव्या.

एकट्याने जाऊ नये. चार-पाच जण मिळून जावं.

चांगलं उजाडल्यावर जावं. झाडाजवळ जाण्याआधी लांबूनच हाका माराव्या.

हातात जाड काठी असावी. काठीला घंटी किंवा घुंगरू बांधलं तर आपोआप आवाज होतो.

ओढ्याच्या वळणावर, दाट झुडपात, कपारीजवळ, ताज्या फोडलेल्या वारुळाजवळ थांबून कानोसा घ्यावा.

कुत्रं मोकळं सोडू नये. कुत्रं अस्वलाला डिवचतं आणि घाबरून मालकाकडेच पळत येतं. मागोमाग अस्वलही येतं.

पिल्लू एकटं दिसलं तरी हात लावू नये. आई जवळच असते.

अस्वल लांब दिसलं, तर त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे सरावं. पळू नये. ते आपल्याहून जोरात पळतं. झाडावर चढूनही उपयोग नाही, तेही चढतं. चौघे असाल तर एकमेकांना धरून उभे राहा. काठ्या पुढे धरा.

आणि अंगावर आलंच, पाडलंच, तर पालथं पडावं. दोन्ही हातांची बोटं मानेमागे गुंफावी. कोपरांनी तोंड झाकावं. ते निघून जाईपर्यंत हलू नये. तोंड, डोळे आणि मान वाचली, तर माणूस वाचण्याची आशा वाढते.

जखम झाली तर स्वच्छ कापडाने दाबून रक्त थांबवावं. ओरखडे साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावे. हळद, चुना, पाला काही भरू नये. लगेच सरकारी दवाखान्यात न्यावं. धनुर्वाताची सुई आणि पिसाळीची लस दोन्ही लागतात. वनरक्षकाला त्याच दिवशी कळवावं. वन खात्याचा १९२६ हा फुकट लागणारा फोन आहे. सरकार नुकसानभरपाई देतं, पण त्यासाठी पंचनामा आणि डॉक्टरचा दाखला हवा. कळवायला उशीर झाला तर खेटे वाढतात. आता तुम्हाला वाचता-लिहिता येतं. अर्ज स्वतः वाचा, मगच सही करा.

गावाचा फायदा

अस्वल जिवंत राहिलं तर गावाला काय मिळतं, असं कुणी विचारील. रास्त प्रश्न आहे. रिकाम्या पोटी कुणाला जंगलाचं कौतुक सांगू नये.

ताडोब्याच्या वेशीवर मोहर्ली गाव आहे. तिथे आणि आसपासच्या गावांत कुणी वाटाड्या झाला, कुणी गाडी चालवतो, कुणी पाहुण्यांना जेवू घालतो. तरुणाला कामासाठी पुण्या-मुंबईचा रस्ता धरावा लागत नाही. अर्थात सगळ्यांनाच हे काम मिळत नाही. पावसाळ्यात फेऱ्या कमी होतात. ज्याचं पीक रानडुकराने खाल्लं त्याला दुसऱ्याच्या कमाईने समाधान होत नाही. म्हणून पाळी सगळ्या घरांना मिळावी, बायांना मिळावी, पैशाचा हिशोब गावासमोर यावा. हे ग्रामसभेत बसून ठरवण्याचं काम आहे.

किनवट-माहूरच्या तरुणांनाही हे काम शिकता येईल. त्यांच्याजवळ अर्धी विद्या आहेच. ती म्हाताऱ्या माणसांकडे आहे. कोणत्या डोंगरात अस्वलाची कपार आहे, कोणत्या महिन्यात ते खाली उतरतं, हे त्यांना विचारून लिहून ठेवावं. लिहिलं नाही तर त्यांच्याबरोबरच ते जाईल. पण कपारीची जागा परक्या माणसाला सांगू नये. सगळेच पाहायला येतात असं नाही. काही जण मारायलाही येतात.

दर वर्षी १२ ऑक्टोबरला आपल्या या अस्वलाचा दिवस जगभर पाळतात. २०२२ साली तो सुरू झाला. त्या दिवशी शाळेतल्या मुलांना हा पाठ वाचून दाखवा. मुलाची भीती घालवायला आता अस्वलाची पाठ लागत नाही. अस्वलाची खरी माहिती दिली, म्हणजे पोकळ भीती जाते आणि कामाची सावधगिरी उरते.

रान त्याचं आहे आणि आपलंही आहे. दोघांनी एकमेकांना चाहूल द्यावी आणि आपापल्या वाटेने जावं.